लांब बाह्यांचा स्वेटर

माझ्या आईला प्रश्न विचारायची फार हौस होती, उत्तर ऐकायची मात्र सवय नव्हती. प्रश्न तिचाच आणि उत्तरही तिचंच. "आज उशीर काहून झाला? बस भेटली नसन." "डोकं दुखून राहिलं का? उन्हात गेली असन." समोरच्याने नुसतं उभं राहायचं. छिंदवाडा जिल्ह्यात, सौंसरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याची सगळ्यांना सोयच होती. खोटं बोलायची वेळ कोणावर यायची नाही. आईच परस्पर सगळं मिटवून टाकायची.

शहाऐंशीच्या दिवाळीच्या आधी मी एक स्वेटर विणत होते. मी तेव्हा गावातल्याच कॉलेजात बी.ए. करत होते. विणत होते ते मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, आणि कोणी आलं की विणकाम ओच्यात घेऊन वर तांदळाचं सूप ठेवत होते. कारण स्वेटर पुरुषाचा होता, आणि आमच्या घरात पुरुष म्हणजे एकटे बाबूजी. त्यांच्या अंगात तो स्वेटर घातला असता तर बाह्यांमध्ये त्यांचे हात हरवले असते.

मागच्या भिंतीपलीकडे एक घर होतं. मोहगावच्या रस्त्याला त्यांचा संत्र्याचा बगीचा. त्या घरातला थोरला मुलगा ताडमाड उंच होता. गावात तयार मिळणारा एकही कपडा त्याला पुरायचा नाही. शर्ट असो की स्वेटर, बाही मनगटाच्या चार बोटं अलीकडेच हार मानायची. आदल्या हिवाळ्यात एका सकाळी तो बसस्टँडवर नागपूरच्या बसची वाट पाहत उभा होता. धुकं होतं, आणि त्याची दोन्ही मनगटं थंडीने निळी पडली होती. लोक म्हणतात की अशा वेळी काळजात काहीतरी होतं. माझ्या काळजात काही झालं नाही, मला राग आला. एवढा मोठा बगीचा, एवढं मोठं कुटुंब, आणि ह्या माणसाला एक धड बाही कोणी देऊ शकत नाही? कॉलेजात पोहोचेपर्यंत मी त्या मनगटांवरून त्याच्या सगळ्या घराण्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. राग एवढा कशाचा आला हे मला पुढे उन्हाळ्यात कळलं.

आमचं बोलणं म्हणाल तर ते दोन शब्दांचं होतं. आमच्याकडून त्यांच्याकडे भाजीची वाटी जायची आणि रिकामं भांडं परत पाठवू नये म्हणून त्या वाटीत दोन संत्री घालून ती परत यायची. भिंतीवरून वाटी देताना तो म्हणायचा, "वाटी." मी म्हणायची, "हाव." असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि मला त्यात काही कमी वाटत नव्हतं.

पण दसऱ्याला त्याची नोकरीची आर्डर आली. तामियाच्या सरकारी शाळेत मास्तर. तामिया म्हणजे वर डोंगरात, आमच्या अख्ख्या जिल्ह्याची थंडी तिथेच मुक्कामाला असते. दिवाळी झाली की तो जाणार होता. मग मात्र मी घाई केली. नागपूरला जाणाऱ्या मैत्रिणीकडून लोकर मागवली, संत्र्याच्या पानासारखी गडद हिरवी. माप घ्यायला भिंतीपलीकडे दोरीवर त्याचा शर्ट वाळत असायचा. दुपारी सामसूम झाली की मी भिंतीवरून हात घालून वितीने शर्ट मोजला आणि बाहीला चार बोटं आपल्या पदरची जोडली. तो स्वेटर त्याला कसा द्यायचा, काय म्हणून द्यायचा, ह्याचा मी विचारच केला नव्हता. आधी बाह्या होऊ दे, मग बघू, असं माझं चाललं होतं.

एक बाही झाली आणि आईने सूप उचललं.

तिला त्या दिवशी खरंच तांदूळ पाहिजे होते. सुपाखालचा हिरवा स्वेटर तिने दोन बोटांनी वर धरला, छातीपाशी ताणून पाहिला आणि विचारलं, "हे कोनासाठी विणून राहिली व?" पण आईने मला उत्तर द्यायची तसदी कधी घेऊ दिली होती? "जवायासाठी असन," ती म्हणाली. "पहिला दिवाळसन हाये. बरं सुचलं तुले."

माझ्या ताईचं लग्न त्याच उन्हाळ्यात पांढुर्ण्याला झालं होतं, आणि जावयाची सासुरवाडीतली पहिली दिवाळी म्हणजे काय असते हे ज्यांच्या घरी झाली त्यांनाच ठाऊक. त्या पंधरा-वीस दिवसांत घरात जे जे शिजतं, शिवलं जातं, झाडलं-पुसलं जातं ते सगळं जावयासाठी. आमच्या घराला तर चुना लागत होता तोही जावयासाठी आणि बाबूजींनी दात काढून घेतला तोही बहुतेक जावयासाठीच. अशा घरात एक पुरुषी स्वेटर दुसऱ्या कोणाचा असू शकतो, ही शंका आईला येणंच शक्य नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ती बातमी गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या बाजाराला निघालेल्या गल्लीतल्याच एका काकांबरोबर ती ताईच्या सासरी पोहोचली: मेव्हणी जावयासाठी स्वतःच्या हाताने स्वेटर विणून राहिली. आता ताईच्या सासूबाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. आपल्याला एक मिळालं की समोरच्याला दीड द्यायचं, हा व्याह्या-व्याह्यांचा नियम त्या कसोशीने पाळायच्या. काका परत आले ते निरोप घेऊनच, "मेव्हणीले आमीबी काही पाठवून राहिलो म्हनाव." तो निरोप ऐकून आईने जावयाच्या आहेराच्या ताटात सफारीचं कापड वाढवलं. त्या काळी आमच्याकडे सफारी सुटाचं भारी वेड होतं. ज्याचं लग्न झालं त्याला जो तो सफारीचंच कापड द्यायचा, आणि तेही नेमकं विटकरी रंगाचं. भाऊजींना लग्नातच सहा मिळाली होती हे ताईने नंतर सांगितलं.

ह्या सगळ्यात माझं काय चाललं होतं म्हणाल, तर मी मनातून रडकुंडीला आले होते. दुसरा स्वेटर विणायला ना लोकर होती ना दिवस. हा भाऊजींना गेला की तामियाला तो जाणार त्याच आखूड बाह्यांत. भाऊजी बुटके आणि गोल होते. निदान त्यांची फजिती होऊ नये म्हणून मी एका दुपारी दुसरी बाही उसवायला घेतली. चार ओळी उसवल्या आणि माझा हात थांबला. बाह्या लांब आहेत तोवर हा स्वेटर त्याचा आहे, मग तो कोणाच्या का अंगात असेना. बाह्या कापल्या की माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं. मी त्या चार ओळी परत विणल्या, आणि रागाच्या भरात दोन्ही बाह्यांना आणखी दोन-दोन घातल्या.

धनतेरसेला पांढुर्ण्याच्या बसमधून ताई आणि भाऊजी उतरले. भाऊजींनी एक चौकोनी खोका छातीशी धरला होता. तो त्यांनी अख्ख्या प्रवासात खाली ठेवला नव्हता म्हणे. भाऊजी कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते, फार कमी बोलायचे, हसले तर आवाज न करता नुसतं पोट हलायचं. खोका त्यांनी माझ्या हातात दिला. "आईनं पाठवला," ते म्हणाले आणि त्यांचं त्या दिवसाचं बोलणं तिथे संपलं.

खोक्यात लेमन सेट होता, वरच्या चित्रावरूनच कळत होतं. काचेचा जग आणि सहा ग्लास, वर नारिंगी फुलं. आईने खोक्याचा कोपरा पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. तो कोपरा उंदराने कुरतडलेला होता, आणि तो उंदीर आमच्या घरचा होता. माझ्या मामाने वास्तुशांतीला दिलेला हा लेमन सेट आईने तीन वर्षं पेटीवर जपून ताईच्या लग्नात तिच्या चुलत नणंदेला दिला होता. नणंदेने तो पांढुर्ण्याच्या एका मुंजीत दिला असणार, आणि तिथून तो फिरत फिरत माहेरी आला होता. आमच्याकडे लेमन सेटमधून लिंबाचं सरबत कोणी पीत नाही. तो फक्त येतो आणि जातो. आईने पदराने खोका पुसला आणि पेटीवर त्याच्या जुन्या जागी ठेवून दिला.

नरकचतुर्दशीला पहाटे भाऊजींना उटणं लावून न्हाऊ घातलं. पाटावर बसवून ओवाळलं. गल्लीतल्या बायका जावई बघायला जमल्या होत्या, त्यात भिंतीपलीकडच्या मावशीही होत्या. त्यांच्यामागे दारात संत्र्यांची टोपली घेऊन तो उभा होता, मान जरा वाकवून, कारण आमचं दार त्याला बुटकं पडायचं. आईने ताट पुढे केलं. नारळ, विटकरी सफारी, आणि सगळ्यात वर माझा हिरवा स्वेटर. "मेव्हणीच्या हातचा हाये," आई म्हणाली. "घालून दाखवा जवाई."

भाऊजींनी घातला. डोकं गळ्यातून बाहेर यायलाच वेळ लागला. मग पोटावर तो इतका ताणला गेला की माझे दोन सुलट-दोन उलट टाके जाळीसारखे फाकले, आणि खाली दोन्ही बाह्या हातांच्या पुढे वीतभर लोंबायला लागल्या. भाऊजी पाटावर दोन्ही बाह्या मांडीवर ठेवून शांत बसून राहिले. बायकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी म्हणाली, "जवाई अजून वाढतीन म्हनून केला का व?" हसू आवरेना कोणाला. मी जमिनीकडे बघत होते. आई तेवढी ठाम होती. "बाह्या जरा जास्त झाल्या," ती म्हणाली, "पन प्रेमानं केला न."

प्रेमानं केला हे खरं होतं. मी हळूच दाराकडे पाहिलं. तो टोपली खाली ठेवत होता. ठेवताना त्याच्या शर्टाची बाही सरकून कोपराकडे गेली. मला पुन्हा तोच राग आला. आणि भाऊजी, ज्यांच्याकडे त्या क्षणी सगळे बघत होते, ते कोणाकडे बघत होते हे पाहायचं भान मला नव्हतं.

जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात, पण आमचा हा ग्रह फारच गरीब निघाला. सासुरवाडीचा कपडा लगेच काढला तर अपमान होईल म्हणून भाऊजींनी तो स्वेटर दिवसभर अंगावर ठेवला. सकाळची थंडी गेली, ऊन चढलं, आमच्याकडची दिवाळीतली दुपार काही स्वेटरची नसते. भाऊजींच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते बाह्यांच्या घड्या वर सारत चिवडा खात होते. ताईने सुचवून पाहिलं. "राहू दे न," ते म्हणाले. लक्ष्मीपूजनाला एक बाही सुटली आणि फुलबाजीवर जाता जाता वाचली, तेव्हा आईने त्यांच्या दोन्ही बाह्यांना सेफ्टी पिना लावून दिल्या.

पाडव्याला मोठं जेवण होतं. मुलगा दोन दिवसांनी तामियाला जाणार म्हणून आईने भिंतीपलीकडच्या घरालाही बोलावलं होतं. बाबूजी, ते बाजारवाले काका, पलीकडचे काका, तो आणि भाऊजी अशी पुरुषांची पंगत ओसरीत बसली. आम्ही वाढत होतो. आता ह्या जेवणात जावयाने रुसायचं असतं. ताट वाढलं की तो हात लावत नाही. मग सासऱ्याने विचारायचं, जावयाने मागायचं, आणि जे मागेल ते द्यायचं. त्या वेळी नाही म्हणता येत नाही. अर्थात काय मागायचं हे आधीच दोन्ही घरांत ठरलेलं असतं. पांढुर्ण्याहून घड्याळाचा निरोप आला होता आणि घड्याळ बाबूजींच्या बंडीच्या खिशात तयार होतं.

भाऊजींना रुसता येत नव्हतं. जन्मात कधी रुसलेच नसावेत. वरण-भात वाढल्याबरोबर त्यांचा हात ताटाकडे गेला, ताईने मागून चिमटा काढला, तेव्हा त्यांनी तो मागे घेतला आणि चेहरा पाडायचा प्रयत्न केला. बाबूजींना हायसं वाटलं. एक हात खिशात घालून त्यांनी मोठ्याने विचारलं, "बोला जवाई, काय पाहिजे?"

भाऊजी ताटाकडे बघत राहिले. स्वेटर अंगात होताच. मग त्यांनी लग्नानंतरचं बहुधा सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं. "मले बिनबाह्याचा स्वेटर पाहिजे. मेव्हणीबाईनं विणून द्यावा. ह्याच्यात गरमी लय होते. हा ज्याले बसन त्याले देऊन टाका."

बाबूजींचा हात खिशातच राहिला. काका पाणी पिताना ठसकले. आई कढीचं पातेलं घेऊन मधोमध उभी होती. जावयाने पाडव्याच्या ताटावर मागितलेलं नाकारता येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? "काढा मंग," ती म्हणाली. भाऊजींनी सुटकेचा श्वास टाकत तो काढला. खाली सदरा घामाने ओला होता.

पुढे जे झालं ते आईच्या व्यवहारी स्वभावामुळे झालं. चांगली लोकर, कोणाच्या तरी अंगी लागली पाहिजे. तिने तो आधी बाबूजींना घातला. बाबूजींचे हात गेले ते परत दिसलेच नाहीत. मग दोन्ही काकांना. दोघांच्याही खांद्यांवरून तो उतरलाच, जसा काही खुंटीवर टांगला होता. पंगत हसत होती, वरण निवत होतं. माझ्या हातात पोळ्यांचं ताट होतं आणि मी वाढायची विसरले होते, कारण पंगतीत आता कोण उरलं हे मला मोजायची गरज नव्हती.

त्याची आईच म्हणाली. "आमच्याले पाह्यता का बाई? तामियात लय ठंडी हाये म्हनते, आन ह्याले तर बजारातलं काहीच पुरत नाही."

तो उठला. हात धुतले, पुसले. स्वेटर घातला. खांदे खांद्यांवर बसले. पोट सरळ उतरलं. दोन्ही बाह्या खाली आल्या, मनगटाच्या हाडापाशी आल्या आणि तिथे थांबल्या. एक टाका कमी नाही, एक टाका जास्त नाही. रागाच्या भरात घातलेल्या त्या दोन ओळीसुद्धा लागल्याच होत्या. त्याने हात पुढे करून आपली मनगटं पाहिली. झाकलेली मनगटं त्याने पहिल्यांदाच पाहिली असावीत.

हसणं थांबलं. शिंप्याने माप घेऊन शिवला तरी एवढा बसत नाही, हे ओसरीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. पलीकडच्या मावशी स्वेटरकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे, जिच्यापलीकडे त्यांची कपड्यांची दोरी होती. आईने कढीचं पातेलं खाली ठेवलं.

"हा कोनासाठी विणला होता व?" तिने विचारलं.

मी तिच्या उत्तराची वाट पाहिली. जन्मभर तिने मला कधी उत्तर द्यायला लावलं नव्हतं. जवायासाठी असन, बाबूजीसाठी असन, काही का असेना, ती म्हणाली असती तर गल्ली ते मानून जेवायला लागली असती. पण आई काही बोललीच नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला पहिल्यांदा कळलं की तिच्या प्रश्नांना खरी उत्तरं असतात हे तिलाही माहीत होतं. मी ताट घट्ट धरलं आणि म्हणाले, "ज्याले बसला त्याच्यासाठी."

तेवढ्यात बाबूजींना खिशातलं घड्याळ आठवलं. ते त्यांनी झटकन काढून भाऊजींच्या ताटापाशी ठेवलं आणि म्हणाले, "हे बी घ्या मंग." भाऊजींचं पोट हलायला लागलं. आवाज नाही, नुसतं पोट. मग काका हसले, पंगत हसली आणि जेवण सुरू झालं. तो स्वेटर न काढताच जेवला. मी त्याच्या पानात पोळी वाढली तेव्हा माझा हात त्याच्या बाहीला लागला आणि आईने ते पाहूनही कढीच वाढली.

रात्रीची भांडी घासताना ताईने सांगितलं, "ह्यायनं पहिल्याच दिवशी मले विचारलं, तुमच्याकडे एवढा उंच कोन हाये?" दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना एकटं गाठलं. "भाऊजी, खरंच एवढी गरमी होत होती?"

"हाव," ते म्हणाले. मग नव्या घड्याळाला चावी देत म्हणाले, "थोडी."

तामियाला जायच्या आदल्या दिवशी तो भिंतीपाशी आला. हातात आमची वाटी होती, वाटीत संत्री. "वाटी," तो म्हणाला. "हाव," मी म्हणाले. इथवर सगळं नेहमीचं होतं. पण तो गेला नाही. भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "लोकर उरली असन तर देजो थोडी. तिकडे कोपराले फाटला तर कोन शिवन?"

लोकर उरली होती, चांगला मोठा गुंडा होता. "नाही उरली," मी म्हणाले. "फाटला तर इकडे घेऊन येजो."

तो छिंदवाड्याच्या छोट्या रेल्वेगाडीने गेला. दोन महिने मी भाऊजींचा बिनबाह्याचा स्वेटर विणला, पोटाला भरपूर सोडून. तो द्यायला पांढुर्ण्याला गेले तर भाऊजी विटकरी सफारीत होते, त्यावरच त्यांनी तो चढवला आणि जिनिंगला निघून गेले. निघताना ताईच्या सासूबाईंनी माझ्या हातात काही ठेवायचं म्हणून एक बांगड्यांचा जोड ठेवला. तो आमच्याच आत्याने त्यांना दिला होता हे मी ओळखलं आणि मुकाट्याने तो पिशवीत टाकला. मीही आता घरची मोठी झाले होते.

तामियाहून काहीच खबर नव्हती. त्या दोन महिन्यांत मावशींकडून वाटी त्यांचा धाकटा मुलगा द्यायचा. आई एकदा भिंतीकडे बघत म्हणाली, "तिकडं बर्फ पडते का व? पडत असन." खरं सांगते, मला भीती वाटत होती. चांगला विणलेला स्वेटर पाच-पाच वर्षं फाटत नाही. मी तो घट्ट विणला होता आणि आता त्या घट्ट विणीचा मला पश्चात्ताप होत होता.

संक्रांतीला तो आला. सकाळीच तिळगूळ द्यायला, समोरच्या दाराने, भिंतीवरून नाही. अंगात जुना आखूड बाह्यांचा स्वेटर होता आणि काखेत पिशवी. आईने त्याला ओसरीत बसवलं, तिळगूळ घेतला, दिला. मग ती आत गेली आणि मला आतून काहीतरी फाटल्याचा, थर्मोकोल कुरकुरल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नारिंगी फुलांचा काचेचा ग्लास होता. इतक्या वर्षांत, इतक्या घरांतून फिरून आलेला तो लेमन सेट पहिल्यांदाच उघडला गेला होता. तिने त्यात त्याला पाणी दिलं. बाबूजींनी चष्म्यावरून ग्लासकडे पाहिलं आणि पेपर वर केला.

त्याने पिशवीतून हिरवा स्वेटर काढून माझ्यापुढे ठेवला. उजव्या कोपराला भोक होतं.

"कसा काय फाटला रे?" आईने विचारलं. "काट्यात अडकला असन. जंगलच हाये तिकडे." आणि ती पुरणाकडे बघायला आत निघून गेली.

मी बाही उजेडात धरली. लोकर झिजून फाटली की धागे आधी बारीक होतात, त्यांना लव येते, मग एकेक तुटतो. काट्याने ओढली तर टाका लांब निघतो. ह्या भोकाच्या कडेला एकही धागा बारीक नव्हता, एकही ओढलेला नव्हता. सगळे जाडजूड, नवेकोरे, आणि एका रेषेत कापलेले. कात्री चालली होती, तीही नेम धरून, अगदी कोपराच्या मधोमध.

"काट्यात अडकला?" मी विचारलं.

"हाव," तो म्हणाला.

"लय दिवस लागतीन याले," मी म्हणाले. त्याने ग्लास रिकामा केला आणि आणखी पाणी मागितलं.